दोन व्यक्तींसाठी शांतता

आन्स कोको गावात चर्चच्या छपरासाठी सोडत निघाली, पहिलं बक्षीस मिस युफ्रेझी इपोलीत यांना लागलं, आणि निम्म्या गावाची देवावरची श्रद्धा त्याच क्षणी डळमळली. मा ओजिसनं अकरा तिकिटं घेतली होती, तिला काहीच नाही. मिस युफ्रेझींनी एकच घेतलं होतं, तेही फादर अँसेल्म दारातून हलावेत म्हणून.

बक्षीस होतं पलीकडच्या खाडीतल्या ‘ला सोलित्यूद’ रिसॉर्टमध्ये तीन दिवस, दोन व्यक्तींसाठी. जाड कागदावर सोनेरी अक्षरांत खाली लिहिलं होतं, ‘जिथे जगाचा आवाज पोहोचत नाही.’ मिस युफ्रेझींनी ही ओळ चार वेळा वाचली. त्याला कारण होतं. त्यांच्या घराच्या डाव्या भिंतीला तिजोचा रमचा गुत्ता, आणि त्याचे ध्वनिक्षेपक कपाटाएवढे. उजव्या भिंतीला नव्या पंथाचं प्रार्थनागृह, आणि त्यांचे ध्वनिक्षेपक तिजोपेक्षा मोठे, कारण पाप्यांपर्यंत आवाज पोहोचायला हवा. मधे मिस युफ्रेझी. डाव्या कानात पाप, उजव्या कानात पश्चात्ताप.

निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं त्या गावच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलाशी बसल्या होत्या. लग्न केलं नाही. नोंदवहीतच इतकी लग्नं-मयतं पाहिली की हौस फिटली. मूल जन्माला आलं, तरी मिस युफ्रेझींनी लिहिल्याशिवाय ते आलं असं आन्स कोकोत कोणी धरत नसे. आणि चौतीस वर्षांत एक चूक नाही, एक शाईचा डाग नाही. हे त्या स्वतःच सांगत, पण दुसऱ्या कोणी खोडून काढायची हिंमतही केली नव्हती.

त्यांनी रिसॉर्टला फोन लावला. पलीकडून नाकातून काढलेला, गोऱ्या धाटणीचा मुलायम आवाज आला.

“मी एकटीच येणार आहे,” मिस युफ्रेझी म्हणाल्या.

“माफ करा मॅडम, हे बक्षिसाचं पत्र दोन व्यक्तींचं आहे. एकट्या व्यक्तीला चालत नाही.”

“का चालत नाही?”

“आमच्याकडे सगळं दोघांचं असतं, मॅडम. दोन खुर्च्या, दोन शहाळी, दोघांचं मालिश.”

“दोन्ही शहाळी मी पिईन.”

“नियम आहे, मॅडम.”

“तू जर्मेनची धाकटी ना गं?”

पलीकडे मग नाकातला आवाज नाकातच राहिला आणि घशातला खरा बाहेर आला. “हो, मिस. पण मिस, देवाशप्पथ, नियम खरंच आहे हो.”

जिनं चौतीस वर्षं लोकांना ‘नियम आहे’ म्हणून परत पाठवलं, तिनं नियमाशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?

आता दुसरी व्यक्ती कोण, हा प्रश्न गावानं स्वतःच्या अंगावर घेतला. बेटाची राजधानी कास्ट्रीझ, तिथून धाकट्या बहिणीचा फोन आला. दोन नाताळ उलटून गेले तेव्हा तिला बहीण आठवली नव्हती. आता दमा आठवला आणि डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितल्याचंही आठवलं. वास्तविक ती राहते समुद्रापासून चाळीस पावलांवर. फादर अँसेल्म सहज म्हणून आले आणि थकलेल्या धर्मगुरूंविषयी सर्वसाधारण असं काहीतरी बोलून गेले. तिजोचा सल्ला होता की पत्र एखाद्या पर्यटकाला विकून टाक आणि नवीन फ्रिज घे. समोरची बेकरीवाली मा ओजिस तर थेट पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघरात घुसली.

“मला ने, युफ्रेझी. तुला क्षणभर कंटाळा येणार नाही. मी पहाटे चारला बोलायला लागते!”

“ते मला माहीत आहे,” मिस युफ्रेझी म्हणाल्या. “मी समोरच राहते.”

रविवारी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेवेळी त्या गुडघे टेकून याच प्रश्नावर चिंतन करत होत्या. नजर वर गेली ती नेमकी टीचर क्लोटिल्ड मोंदेझिर यांच्या मानेवर पडली, आणि मिस युफ्रेझींना साक्षात्कार झाला.

टीचर क्लोटिल्ड म्हणजे गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शिवाय सरकारनं नेमलेल्या जे.पी., म्हणजे शपथपत्रावर शिक्का मारायचा अधिकार असलेल्या. हा शिक्का त्या कुठंही गेल्या तरी पर्समध्ये घेऊन जात. घरी ठेवला तर कोणी दुरुपयोग करील. आणि मुख्य म्हणजे त्या मिस युफ्रेझींशी अकरा वर्षं एक शब्द बोलल्या नव्हत्या. बेटावर गाणाऱ्यांच्या दोन मंडळ्या आहेत, रोझ आणि मार्गरित. दोघींची नावं फुलांची, आणि एकमेकींना टोमणे मारायचा हक्क परंपरेनं मिळालेला. मिस युफ्रेझी मार्गरितच्या, टीचर क्लोटिल्ड रोझच्या. अकरा वर्षांपूर्वी रोझच्या सणाला टीचर क्लोटिल्डनी पदरचं एक कडवं गायलं होतं. एका बाईची हॅट एवढी मोठी की तिच्यात कोंबडी अंडी घालून गेली तरी बाईला पत्ता नाही. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. हॅट पहिल्याच रांगेत बसली होती.

तेव्हापासून अबोला. म्हणजे अख्ख्या आन्स कोकोत एकच माणूस असं होतं, जे तीन दिवस मिस युफ्रेझींच्या शेजारी बसून तोंडातून अवाक्षर काढणार नाही, याची पक्की खात्री होती.

त्यांनी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी संध्याकाळी परत आली. लाल शाईनं दोन स्वल्पविराम घातलेले होते, एक शब्द दुरुस्त केला होता, आणि खाली एकच ओळ होती: ‘मंजूर. माझ्याही घराशेजारी कुत्री आहेत.’

रिसॉर्ट गावापासून डोंगरवाटेनं पायी वीस मिनिटांवर. निम्मं गाव रोज पहाटे त्याच वाटेनं तिथं कामाला जातं. पण पाहुण्यांनी त्या वाटेनं यायचं नाही, पाहुण्यांनी लाँचनंच यायचं, हाही नियम. म्हणून दोघी नटूनथटून मिनीबसनं तासभर उलट्या दिशेला सूफ्रिएरला गेल्या, आणि तिथून लाँचमध्ये बसून पुन्हा स्वतःच्याच गावासमोरून निघाल्या. धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. मा ओजिस टेबलावरचा कपडा फडकावत होती. जणू दोघी बोहल्यावरून थेट मधुचंद्राला निघाल्या होत्या. मिस युफ्रेझींनी राणीसारखा हात वर केला, आणि तेवढ्यात वाऱ्यानं त्यांची हॅट उचलून समुद्रात टाकली. टीचर क्लोटिल्ड क्षितिजाकडे पाहत राहिल्या. पण त्यांचे खांदे हलत होते.

बंगली देखणी होती. समोर पांढरी वाळू, माणसाचा मागमूस नाही, ओसरीला लागून हौदाएवढा खासगी तलाव. आत एकच पलंग. पलंगावर बोगनवेलीच्या पाकळ्या, आणि पाकळ्यांत टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. टीचर क्लोटिल्डनी पुढं होऊन त्यातला एक हंस उकलला, घडी केली आणि कपाटात ठेवला. मग एक लांब लोड पलंगाच्या बरोबर मधोमध आडवा घातला. सरहद्द ठरली.

सेवेला बटलर होता व्हिव्हियन पोलियस. डोंगरावरच्या वस्तीतला, सहा फूट उंच, ओठांवर झुपकेदार मिशा, हातांत पांढरे हातमोजे. रिसॉर्टमध्ये सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं अशी शिस्त होती; व्हिव्हियनला ती फार जड जात असे, कारण त्याचा आवाज ढोलासारखा.

“व्हिव्हियन,” मिस युफ्रेझी म्हणाल्या, “विचार, त्यांना भिंतीकडची बाजू हवी की दाराकडची.”

व्हिव्हियन दोन पावलं वळला. “टीचर, मिस विचारतायत...”

“मला ऐकू येतं, व्हिव्हियन. सांग, दाराकडची. आणि सांग, घोरायचं नाही.”

“मिस, टीचर म्हणतात...”

“ऐकलं मी!”

हे असं चालायचं. पण त्यानंतर खरोखरच शांतता झाली. दोघी दोन खुर्च्यांवर दोन शहाळी घेऊन बसल्या. लाटा सुद्धा दबकत येत होत्या. मिस युफ्रेझींनी डोळे मिटले. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर पावणेदोन तासांची वेळ होती. घड्याळ पाहिलं होतं म्हणून सांगता येतं.

मग बोगनवेलीच्या आडून एक खोकला ऐकू आला.

माळीबुवा उभे होते. टोपी हातात, टोपीत एक घडी घातलेला कागद. “मिस, तुम्ही सुट्टीवर आहात, मला कळतंय. पण माझ्या दाखल्यावर बापाचं नाव ‘अल्फोन्स’ आहे आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘अल्फान्स’. आता जमीन नावावर होईना. कास्ट्रीझला तीनदा गेलो. ते म्हणतात, अल्फोन्स मेलाच नाही.”

मिस युफ्रेझी खरं तर नाही म्हणणार होत्या. पण कागद दिसला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. चौतीस वर्षांची सवय. “हं. दाखला माझा आहे, तो बरोबर आहे. मृत्यूचा शहरातल्या इस्पितळानं पाठवलाय, तो चुकलाय. एक शपथपत्र लागेल.” आणि मग, हवेला उद्देशून, “जे.पी.चा शिक्का असता तर इथंच झालं असतं.”

शेजारच्या खुर्चीवर पर्स उघडल्याचा आवाज आला.

माळीबुवा आनंदानं रडत रडत स्वयंपाकघराच्या बाजूनं गेले, हीच चूक झाली. तासाभरात ओसरीसमोर आचारी उभा. त्याच्यामागे मालिशवाल्या दोघी बहिणी, ज्यांच्या आडनावाचं स्पेलिंग एकमेकींशी जुळत नव्हतं. त्यांच्यामागे होडीवाला, ज्याच्या जन्माची तारीख बाप्तिस्म्याच्या तारखेनंतरची होती. फळांचं टेबल रिकामं करून त्यावर कागद आले. मिस युफ्रेझी लिहीत, कागद न बोलता डावीकडे सरकवत; टीचर क्लोटिल्ड व्याकरण तपासत, उजवा हात वर करायला लावत आणि दण्णकन शिक्का मारत. मधे शब्द नाही. गावाची कचेरीसुद्धा कधी इतकी सुरळीत चालली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत एक परदेशी जोडपंही उभं राहिलेलं दिसलं. त्यांना वाटलं, हा काहीतरी स्थानिक विधी असावा, पाहुण्यांसाठी ठेवलेला. त्यांना परत कसं पाठवायचं? टीचर क्लोटिल्डनी त्यांच्याकडून ‘आम्ही सुखानं संसार करत आहोत’ असं रीतसर शपथपत्र करून घेतलं. नवऱ्यानं तत्काळ हात वर केला. बायको बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली.

इकडे मॅनेजर मिस्टर लिंडक्विस्ट चवड्यांवर चालत आले आणि कुजबुजले, “लेडीज, बाकीचे पाहुणे तक्रार करतायत.”

“आवाज होतोय का?” मिस युफ्रेझींनी विचारलं.

“नाही. ते म्हणतात, ही सेवा आम्हाला का नाही?”

मॅनेजर गेले. रांग संपली. एक माणूस मात्र दोन दिवसांत रांगेत आला नव्हता, आणि तो होता व्हिव्हियन. तीनचार वेळा तो “मिस, एक विचारू...” एवढंच म्हणाला होता आणि पुढं ग्लासात पाणी ओतून निघून गेला होता. शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी, दोघी कोकोच्या बियांचा चहा पीत असताना, धुलाईखान्यातली लुक्रेशिया चादरींचा गठ्ठा घेऊन आली. गठ्ठा खाली आपटला आणि त्यातून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

“हा बोलणार नाही, मिस. हा तुम्हाला भितो. पण मी याच्या दोन लेकरांची आई आहे, मला आता भ्यायला वेळ नाही. तीन आठवड्यांनी आमचं लग्न आहे. केकची अंडीसुद्धा सांगून झालीत. आणि सरकार म्हणतं, होऊ शकत नाही.”

मिस युफ्रेझींनी कागद उचलला. व्हिव्हियन पोलियस. जन्मतारीख. आईचं नाव, बापाचं नाव. सुबक, गोल, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर. दुनियेत कुठंही ओळखू आलं असतं. आणि लिंग या रकान्यात, त्याच सुबक अक्षरात: स्त्री.

“शाळेत बाप्तिस्म्याचा कागद चालला,” लुक्रेशिया सांगत होती. “ओळखपत्राच्या वेळी साहेबानं नुसत्या मिशा बघितल्या आणि पुरुष लिहिलं. पण लग्नाला दाखलाच लागतो. आता फादर म्हणतात, मी दोन बायकांचं लग्न लावू शकत नाही.”

मिस युफ्रेझींनी कागद खाली ठेवला. त्यांची मान ताठ झाली होती.

“माझ्या नोंदवहीत चूक नसते.”

“मिस...”

“चौतीस वर्षं. एकही नाही. तुझ्या बापानं जे सांगितलं असेल ते मी लिहिलं. कागद जे म्हणतो ते म्हणतो. मी काही करू शकत नाही.”

व्हिव्हियन तबक घेऊन उभा होता. सहा फुटांचा तो माणूस, पण खांदे पडले, मिशा पडल्या. “राहू दे, लुक्रेशिया,” तो अगदी नियमात बसेल अशा हळू आवाजात म्हणाला. “मिसना त्रास नको देऊस.”

आणि तेव्हा टीचर क्लोटिल्ड उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मिस युफ्रेझींच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि ज्या आवाजानं त्या शाळेच्या पायरीवरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं पोर जागेवर थिजवत, त्या आवाजात म्हणाल्या, “युफ्रेझी! त्याच्या मिशा बघ!”

खाडीतले पेलिकन उडाले.

“मिशा पुरावा होत नाहीत!” मिस युफ्रेझीही उठल्या.

“दोन लेकरं होतात का?”

“तू मधे बोलू नकोस! तुला फक्त शिक्का मारायचाय!”

“मी अकरा वर्षं मधे बोलले नाही, म्हणून तर तुझी ही दशा झालीय! तुला कोणी सांगणारं उरलं नाही!”

“सांगणारं? तू तर चारशे लोकांसमोर गाऊन सांगितलंस!”

“कारण ती हॅट भयंकर होती!”

“ती माझ्या आईची हॅट होती!”

हे टीचर क्लोटिल्डना माहीत नव्हतं.  आजूबाजूच्या बंगल्यांच्या ओसऱ्यांवर पाहुणे येऊन उभे राहिले होते; मिस्टर लिंडक्विस्ट झाडामागून ओठांवर बोट ठेवून जीव तोडून खुणा करत होते, आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

“हे मला ठाऊक नव्हतं, युफ्रेझी,” टीचर क्लोटिल्ड शेवटी म्हणाल्या. “ठाऊक असतं तर बुटांवर गायले असते.”

मिस युफ्रेझी धप्पकन खाली बसल्या. कागद पुन्हा हातात घेतला. त्यावरची तारीख पाहिली आणि पाहतच राहिल्या. गुड फ्रायडेच्या आदला दिवस. आठवलं. पोलियस समुद्रावरून थेट आला होता, अंगाला माशांचा वास, कचेरी बंद करायची वेळ, त्यांना चर्चमध्ये वेदी सजवायला पळायचं होतं. बाळाचं नाव? व्हिव्हियन. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. व्हिव्हियन म्हणजे मुलगीच, असं धरून लिहून टाकलं होतं, आणि पोलियसला वाचता येत नव्हतं.

 मग त्यांनी पेन उचललं आणि एका कोऱ्या कागदावर लिहून डावीकडे सरकवलं.

टीचर क्लोटिल्डनी मोठ्यानं वाचलं. “‘सदर नोंदीत चूक झाली असल्याचे आढळून आले आहे.’ कोणाकडून झाली?”

“ते कळतंच की.”

“मला कळत नाही. वाक्यात कर्ता कुठंय?”

मिस युफ्रेझींनी दुसरा कागद घेतला. ‘नोंदणी कचेरीकडून चूक झाली.’

“कचेरीला हात असतात?”

तिसरा कागद. ‘तत्कालीन नोंदणी अधिकाऱ्यांकडून अनवधानाने...’ टीचर क्लोटिल्डनी पुढचं वाचलंच नाही. कागद उलटा केला आणि परत सरकवला, साठ वर्षांच्या बाईला नव्हे, तर तिसरीतल्या मुलीला द्यावा तसा. पण हळूच.

चौथ्या कागदावर लिहायला मिस युफ्रेझींना कोकोचा चहा गार होईपर्यंतचा वेळ लागला. ‘मी, युफ्रेझी इपोलीत, शपथेवर सांगते की व्हिव्हियन पोलियस हा पुरुष असून मी त्याची नोंद स्त्री अशी केली. मी चुकले.’

“उजवा हात वर कर,” टीचर क्लोटिल्ड म्हणाल्या. शिक्का मारताना त्यांनी या वेळी आवाज केला नाही.

व्हिव्हियननं हातमोजे काढले, दोघींचे हात हातात घेतले आणि ढोलासारख्या खऱ्या आवाजात जे आभार मानले, ते म्हणे गावातही ऐकू आले.

दुपारी लाँच आली. तोवर दोघी अकरा वर्षांचं बोलणं बाकी असल्यासारख्या बोलत होत्या. कोण मेलं, कोणाची सून पळाली, मार्गरितचं नवं गाणं किती बेसूर. खलाशी दोनदा म्हणाला, “बायांनो, चढा आता!” मिस्टर लिंडक्विस्टनी स्वतः त्यांच्या पेट्या उचलल्या, आणि तेही धावत.

शपथपत्र घेऊन मिस युफ्रेझी स्वतः कास्ट्रीझला गेल्या. खिडकीतला तरुण कारकून म्हणाला की यात मूळ अधिकाऱ्याची सही लागेल. त्या म्हणाल्या, मीच. तो म्हणाला, तसं सिद्ध करावं लागेल. त्यांनी त्याच्यासमोर कागद ओढून स्वतःची सही केली. त्यानं ती दाखल्यावरच्या सहीशी ताडून पाहिली, मग त्या सहीकडेच बराच वेळ बघत म्हणाला, “मिस, तुमचं अक्षर काय सुंदर आहे हो.” ही स्तुती नेहमीसारखी गोड लागली नाही, पण कागद झाला.

लग्न आन्स कोकोच्या चर्चमध्ये झालं. छप्पर अजून अर्धंच झालं होतं, त्यामुळं वरपक्षाला सावली आणि वधूपक्षाला ऊन. मा ओजिसचा तीन मजली केक उन्हाच्या बाजूला ठेवला होता आणि आता दुमजली व्हायला लागला होता. फादर अँसेल्मनी विधी उरकले आणि नोंदवहीचं पान भरायला मिस युफ्रेझींना बोलावलं. गावात तेवढं चांगलं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

त्या बसल्या. चष्मा पुसला. वराचं नाव विचारलं. मग स्पेलिंग एकेक अक्षर म्हणून घेतलं. मग बापाचं, मग आईचं. मग जन्मतारीख, आणि ती पुन्हा एकदा उलट्या क्रमानं. मागच्या रांगा वारा घेऊ लागल्या. एक लेकरू रडायला लागलं. केकचा वरचा मजला एका बाजूला कलला आणि मा ओजिसनं “बॉन्ज्ये!” म्हणून देवाचा धावा केला.

“मिस युफ्रेझी,” फादर वाकून पुटपुटले, “लोक ताटकळलेत हो. जरा लवकर.”

मिस युफ्रेझींनी पेन थांबवलं आणि मान वर केली. त्या हळू बोलल्या नाहीत.

“मागच्या वेळी मी घाई केली होती, फादर. त्या बिचाऱ्याची बत्तीस वर्षं गेली.”

 मिस युफ्रेझींनी पेन पुन्हा शाईत बुडवलं आणि वधूकडे वळल्या.

“हं, लुक्रेशिया. ‘कॅडेल’ आडनावात शेवटी ‘एल’ एक की दोन?”

“दोन!” अख्खं चर्च ओरडलं.

“मी तिला विचारलंय,” मिस युफ्रेझी म्हणाल्या, आणि वाट पाहत राहिल्या.